ही गोळी कशाची, हे तिला कुणी सांगायचं?

डायलिसिसला येणाऱ्या पन्नाशीच्या एका बाईंनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. "ताई, सून म्हणते ही पाळणा लांबवायची गोळी आहे. माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. मला कशाला?"

सून बरोबर होती. आणि गोळी चुकून दिलेली नव्हती.

मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या आतड्यात कधीकधी नाजूक रक्तवाहिन्या फुगून पाझरत राहतात. त्यात डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. शौचाला काळं होतं, हिमोग्लोबिन उतरतं, पुन्हा रक्ताची बाटली. दुर्बिणीतून ती जागा जाळता येते; तेवढ्यानं भागलं नाही तर काही डॉक्टर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन देतात. 1990 साली अशा रक्तस्रावाच्या दहा रुग्णांवर झालेल्या प्रयोगात रक्ताची गरज बरीच घटली. 2001 साली स्पेनमधल्या मोठ्या प्रयोगात मात्र फरक दिसला नाही.

म्हणून गोळी फेकून द्या, असं मी म्हणत नाही. रक्ताच्या बाटल्या टळणं बाईसाठी फार मोलाचं आहे. दुसऱ्याच्या रक्तानं शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात, मग जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होतं. बाळंतपणांमुळे ती बाईत आधीच असू शकतात.

पण या गोळीनं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, अंगात पाणी साठू शकतं, पाळी गेलेल्या बाईला पुन्हा अंगावरून जाऊ शकतं. आमच्याकडे एका पुरुष रुग्णाला 'छाती वाढेल' हे डॉक्टरांनी खुर्चीत बसवून समजावलं होतं. या बाईंना फक्त 'रोज एक'.

1986 साली स्त्री शक्ती संघटना आणि इतर मैत्रिणी नेट-एन इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातलं नॉरएथिस्टेरॉन या आतड्याच्या उपचारातही वापरलं गेलं आहे. तेव्हाचा प्रश्न होता, बाईला सगळं सांगून तिची संमती घेतली का? गर्भाशयाऐवजी आतडं आलं म्हणून तो प्रश्न सुटत नाही. उलट इथे बाई आठवड्यातून दोन-तीनदा त्याच खुर्चीवर असते. सांगायला वेळ नव्हता, ही सबब चालणार नाही.

मी बाईंना विचारलं, कधी पायात गाठ झाली होती? "धाकट्याच्या वेळी. पाय एवढा सुजला होता." केसपेपरवर त्याची नोंदच नव्हती. आम्ही दोघी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकलं, आणि त्याच दिवशी गोळी बंद केली.