गाण्याची गोष्ट : मागे राहिलेली शीळ

दोस्तांनो, शीळ घालता येते का तुम्हाला? घरात घातली की आजी रागावते, हो ना? आज मात्र साऱ्या जगानं ऐकलेल्या एका शिळेची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत ओटिस रेडिंग नावाचा एक कृष्णवर्णीय गायक होता. तो गायचा ‘सोल’. सोल म्हणजे आत्मा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतं आणि त्यांचं ब्लूज संगीत यांच्या मिलाफातून हे गाणं जन्मलं. ओटिस स्टेजवर आला की घामाघूम होईपर्यंत गायचा!

१९६७ साली तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसॅलिटोला एका हाऊसबोटीत राहिला होता. समोर खाडी, येणारी-जाणारी जहाजं. तिथेच त्याला एक गाणं सुचू लागलं. घरापासून दूर आलेला एक माणूस धक्क्यावर नुसता बसून राहतो, बस्स, एवढंच त्यात. नाव ‘सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे’.

उरलेलं गाणं त्यानं मेम्फिस शहरात गिटारवादक मित्र स्टीव्ह क्रॉपर याच्याबरोबर पुरं केलं. ओटिस काळा, स्टीव्ह गोरा. त्या काळी तिथे गोऱ्या-काळ्यांनी एका टेबलाशी जेवणंही पुष्कळांना खपत नसे. पण एका जुन्या सिनेमा थिएटरात थाटलेल्या ‘स्टॅक्स’ स्टुडिओत हे दोघं शेजारी बसून गाणी रचत.

२२ नोव्हेंबरला रेकॉर्डिंग सुरू झालं. गाण्याच्या शेवटी शब्दच नाहीत. तिथे ओटिसनं मस्त शीळ घातली! डिसेंबरच्या सुरुवातीला थोडं उरलेलं काम करून तो कार्यक्रमांना गेला.

१० डिसेंबरला त्याचं छोटं विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना सरोवरात कोसळलं. ओटिस गेला, अवघ्या २६ व्या वर्षी. त्याचे बरेचसे साथीदारही गेले. त्यातले कितीतरी जण जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. वाचला फक्त एक, ट्रम्पेट वाजवणारा बेन कॉली.

गाणं अजून तयार व्हायचं होतं. आवाज, गिटार, ड्रम यांचा मेळ बसवायचा होता. कंपनीला तर रेकॉर्ड लवकर हवी होती. विचार करा, कानात गेलेल्या मित्राचा आवाज आणि हातात हे काम! पण स्टीव्हनं ते केलं. वर लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाजही त्यात घातला, म्हणजे ओटिसची ती खाडी गाण्यात आली.

८ जानेवारी १९६८ रोजी रेकॉर्ड निघाली. मार्चमध्ये ती अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर पोचली आणि चार आठवडे तिथेच राहिली. गायकाच्या मृत्यूनंतर पहिला नंबर मिळवणारं तिथलं ते पहिलंच गाणं. पुढे दोन ग्रॅमी पुरस्कारही मिळाले. तयार गाणं ओटिसनं मात्र कधी ऐकलंच नाही.

आईबाबांबरोबर एकदा ऐका हे गाणं. शेवटी डोळे मिटा. ती शीळ हळूहळू दूर जाते, पण थांबत नाही. मित्राचं अर्धं राहिलेलं काम पुरं करणं हीसुद्धा मैत्रीच, नाही का?