ओला रस्ता आणि चार चाकांचा भरवसा

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तळोजा औद्योगिक वसाहतीतील रस्ते धुतले जाण्याऐवजी आधी बुळबुळीत होतात. आठ महिने टँकरांतून ठिबकलेले डिझेल, इंजिनांचे तेल, झिजलेल्या टायरांची भुकटी आणि बांधकामांवरून ट्रकांच्या चाकांनी वाहून आणलेली माती यांचा एक पातळ थर डांबरावर आणि काँक्रीटवर बसलेला असतो. पहिल्या पावसात हा थर वाहून जात नाही, तो भिजतो. मुंब्रा-पनवेल रस्त्यावर आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या वाटांवर वाहन घसरण्याचे भय मुसळधार आषाढसरींपेक्षा या पहिल्या भुरभुरीतच अधिक असते.

या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत एक नवे वाहन मोठ्या संख्येने दिसू लागले आहे. जीप ही एके काळी लष्कराची, वनखात्याची, फार तर एखाद्या बागायतदाराची गाडी होती. २०२० मध्ये नवी ‘थार’ बाजारात आली आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी खारघर-तळोज्याच्या गृहसंकुलांत येऊन उभी राहिली. तिच्याबरोबर जाड ठोकळ्यांचे, खोल खाचांचे ‘ऑल-टेरेन’ टायरही आले. मूळ गाडीला ते नसले तर हौसेने बदलून घेतले जातात. (चिखल या गाड्यांना बहुधा संकुलाबाहेरच्या अर्धवट रस्त्यावरच भेटतो, हा भाग वेगळा.) हौसेला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या हौसेमागच्या समजुतीला. चिखलातून जी गाडी निघते ती पावसात रस्त्यावर अधिक सुरक्षित असणारच, ही ती समजूत.

वस्तुतः चार चाकांना मिळणारा जोर गाडी पुढे नेण्यासाठी असतो, थांबविण्यासाठी नव्हे. ब्रेक साध्या मोटारीचेही चारही चाकांना लागतात. शिवाय यांतील अनेक गाड्यांत पुढची व मागची चाके जोडण्याची सोय केवळ घसरड्या, सैल जमिनीसाठी असते. कठीण रस्त्यावर ती वापरली तर वळताना यंत्रणेवर ताण येतो. त्यामुळे पक्क्या रस्त्यावर या गाड्या बहुतेक वेळ मागच्या दोन चाकांवरच धावत असतात. गाडी उंच, जड आणि तिचा गुरुत्वमध्यही वर. अशा गाडीला रस्त्याशी बांधून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यामधली तळहाताएवढी जागा.

आणि या जागेपुरते बोलायचे तर ऑल-टेरेन टायर ही एक तडजोड आहे. ओल्या रस्त्यावर दोन निरनिराळे धोके असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. साचलेल्या खोल पाण्यावर वेगात गेलेले चाक पाण्यावरच तरंगू लागते. तेथे खोल, रुंद खाचा पाणी बाहेर फेकतात आणि नवा ऑल-टेरेन टायर चांगला उतरू शकतो. परंतु नुसत्या भिजलेल्या, पातळ थराच्या रस्त्यावर काम करते ते रबर. रस्त्याच्या बारीक खडबडीत ते किती शिरते, किती चिकटते, यावर पकड ठरते. येथे खाचांनी खाल्लेली जागा म्हणजे रस्त्याला न टेकलेले रबर. उंच ठोकळे ब्रेक लागताच वाकतात. ठोकळ्यांवरच्या ज्या बारीक चिरा पाण्याचा थर कापतात, त्या दणकट टायरांत बहुधा कमी असतात. दगडांनी चिरू नये म्हणून केलेले कणखर मिश्रणही ओल्या पकडीला पोषक नसते. सिलिकायुक्त मिश्रणांनी ही तूट बरीच भरून काढता येते, आणि काही टायरांत ती भरून काढलेलीही आहे. परंतु कोणत्या, हे दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला कळावे कसे?

या तुटीचा अर्थ आकड्यांत पाहावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन गाड्या एकाच क्षणी ब्रेक लावतात. एकीच्या टायरांचा घर्षणगुणांक ०.७ आणि दुसरीच्या टायरांचा ०.५ धरला, तर पहिली सुमारे ३६ मीटरांत थांबते, दुसरी सुमारे ५० मीटरांत. पहिली जेथे थांबली त्या ठिकाणावरून दुसरी जाते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ४३ किलोमीटर उरलेला असतो. त्या १४ मीटरांत पाळी संपवून घरी निघालेला एखादा दुचाकीस्वार कामगारही असू शकतो. टायरांची निवड त्याने केलेली नसते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०२२ च्या जून महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरांसाठी घर्षणरोध, आवाज आणि ओल्या रस्त्यावरील पकड यांचे निकष अधिसूचित केले. नव्या रचनेच्या टायरांना ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाले. पाऊल योग्यच होते. तथापि हा निकष उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा आहे. काठावर पास झालेला आणि पहिल्या वर्गात आलेला, दोघेही एकाच फळीवर एकाच प्रमाणपत्रानिशी उभे. टायरच्या वर्गानुसार मर्यादाही बदलते, आणि एकाच नक्षीचा टायर मोटारीच्या व हलक्या मालवाहू गाडीच्या अशा दोन वर्गांत मिळू शकतो; ग्राहकाला हा भेद कोणी सांगत नाही. इंधनबचतीबद्दल टायरांना तारे देण्याची योजना मात्र आली आहे. कमी घर्षणरोध आणि ओली पकड यांचे फारसे सख्य नाही, हे रबराच्या कारखान्यातील कोणीही सांगेल. तेव्हा एकाच बाजूला तारे लावल्याने तराजू कोठे झुकेल हे उघड आहे.

युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरबरोबर ओल्या पकडीची श्रेणी ग्राहकाला दाखविणे बंधनकारक आहे. भारतीय कारखान्यातील टायर तिकडे विक्रीस गेला की त्याच्यासोबत ही श्रेणी जाते. म्हणजे मोजमाप करणे कारखानदारांना नवे नाही. न्हावा-शेव्याच्या बंदरातून बाहेर पडणाऱ्या मालाला जे सांगावे लागते, ते बंदरापासून तासाभराच्या अंतरावरच्या तळोज्यातील दुकानात सांगावे लागत नाही! जेथे वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि जिल्ह्याची सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास जाते, त्या मुलखात ही माहिती नको कोणाला?

ही श्रेणी छापण्यास नवी प्रयोगशाळा लागत नाही. टायरला मान्यता देताना ओल्या पकडीचा निर्देशांक काढावाच लागतो. तो कागदावरून टायरच्या वेष्टनावर यावा, एवढाच प्रश्न आहे. नक्षीच्या खोलीचेही तसेच. कायद्याने १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर चालतो. परंतु खोल खाचा हाच ज्याचा पाण्यातला गुण, तो टायर त्या मर्यादेच्या बऱ्याच आधी हा गुण गमावतो, आणि पातळ थरावरची उणीव त्याच्याकडे राहते. मेअखेरीस पनवेलच्या परिवहन कार्यालयाच्या पथकांनी कागदपत्रांइतकाच वेळ खाचा मोजण्यात घालविला, तर जूनमध्ये त्याचा उपयोग होईल.