खुर्चीपासून फेरापर्यंत

आश्विन लागला की घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील गृहसंकुलांची आवारे सायंकाळी उजळून निघतात. मोटारी हलवून जागा मोकळी केली जाते. मध्यभागी देवीची तसबीर किंवा गरबा मांडला जातो. गरबा म्हणजे छिद्रे पाडलेला, आत दिवा तेवणारा मातीचा घट. त्याभोवती फेर सुरू होतो. कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग असते आणि तिच्यावर साठी उलटलेली मंडळी बसलेली असतात. सुनांच्या पर्स, नातवंडांच्या चपला आणि साऱ्यांचे मोबाईल त्यांच्या स्वाधीन असतात.

या रांगेत कोणाला गुडघ्यांनी बसवलेले असते, कोणाला संकोचाने. परंतु ज्यांचा जोडीदार गेला आहे, त्यांची खुर्ची सर्वांत पक्की असते. पहिल्या वर्षी दुःख ताजे म्हणून त्यांना कोणी बोलावत नाही. दुसऱ्या वर्षी बोलावले तर त्या स्वतःच नको म्हणतात. तिसऱ्या वर्षापासून ती खुर्ची त्यांचीच आहे, असे सर्वजण गृहीत धरतात. नाचायचे वय सरले म्हणून हे घडत नाही. फेरात आपली जागा उरली नाही, या समजुतीने घडते.

वास्तविक गरब्याइतके जोडीदाराची अट न घालणारे नृत्य क्वचितच आढळेल. अमेरिकेतील टेक्सासकडच्या नृत्यगृहांत कंट्री संगीतावर जो टू-स्टेप चालतो, त्याला जोडी लागते. स्त्रीपुरुष हातात हात घेऊन दोन जलद व दोन संथ पावलांनी सभागृहाला फेरी घालतात. ज्यांना जोडी नाही त्यांच्यासाठी तेथे रांगेचे नृत्य आहे. सर्वांनी एका दिशेला तोंड करून ओळीत उभे राहायचे आणि तीच पावले पुन्हा पुन्हा टाकायची. १९९० च्या दशकात हे रांगेचे नृत्य जगभर पोहोचले. एकट्याने येऊनही समूहात सामील होण्याची सोय, हे त्याचे मोठे आकर्षण आहे. गरब्यात ही सोय मुळातच आहे. गंमत अशी, की टू-स्टेपची जोडपी आणि गरब्याचा फेर दोन्ही बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरतात.

मराठी घरांनाही फेर परका नाही. सांगली-कोल्हापूरकडून मुंबईत आलेल्या कितीतरी आजींनी लहानपणी पाटावरील हत्तीच्या चित्राभोवती हादग्याचा फेर धरला आहे आणि शेवटी खिरापत ओळखली आहे. पुण्याकडे त्यालाच भोंडला म्हणतात. ज्या पायांना हादगा ठाऊक आहे, त्यांना गरबा नव्याने शिकवावा लागत नाही. आठवून द्यावा लागतो.

जैन साहित्यातही या फेराच्या खुणा आहेत. तेराव्या शतकातील ‘सप्तक्षेत्री रास’ या कृतीत टाळ्यांचा तालारास आणि टिपऱ्यांचा लकुटारास या दोहोंचा उल्लेख येतो. लकुट म्हणजे काठी. त्याआधी बाराव्या शतकात आचार्य जिनदत्तसूरींनी ‘उपदेशरसायनरास’ या रचनेत मंदिरातील अशा रासांवर निर्बंध सांगितले. निर्बंध सांगावे लागले, यावरूनच तो खेळ लोकांत किती रुजलेला होता हे ध्यानात येते. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान दिले.

आता प्रश्न आरंभाचा. फाल्गुनी पाठक यांच्या गायनाने गाजणारे बोरिवलीचे मैदान हे नवशिक्याचे पहिले स्थान नव्हे. तेथील गर्दी आणि गती सरावलेल्यांसाठी असते. पहिले पाऊल आपल्याच इमारतीच्या आवारात, पहिल्या अर्ध्या तासात टाकावे. त्या वेळी लय संथ असते आणि फेरात मुलेच अधिक असतात. आरंभी टाळी विसरून केवळ चालावे. पाय लयीत पडू लागले की दोन टाळीचा गरबा घ्यावा, त्यानंतर तीन टाळीचा. नावातच रीत आहे: एका आवर्तनात दोन टाळ्या किंवा तीन. दोढियूसारखे गिरक्यांचे प्रकार पुढच्या वर्षासाठी ठेवले तरी बिघडत नाही. घरी रोज दहा मिनिटांचा सराव हा आवर्ती ठेवीसारखा असतो. हप्ता लहान असला तरी खंड पडू देऊ नये.

दांडियात समोरासमोर दोन रांगा असतात. उजवी टिपरी, डावी, पुन्हा उजवी, मग स्वतःच्याच दोन टिपऱ्या, असा साधा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. क्रम संपला की प्रत्येकजण पुढे सरकतो आणि समोर नवा चेहरा येतो. येथेही जोडी घरून आणावी लागत नाही. टिपरी जोराने मारू नये, समोरच्याची बोटे सांभाळावीत.

पथ्येही आहेत. २०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना हृदयविकाराने मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांना रात्री पाणी वर्ज्य असते. त्यांनी सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी घ्यावे आणि थोडेच खेळावे. आश्विन शुद्ध सप्तमीपासून आयंबिलची ओळी करणाऱ्यांनी त्या दिवसांत बसून टाळी दिली तरी पुरे. फरसबंदीवर गिरकी टाळावी, न घसरणारी सपाट पादत्राणे घालावीत. दम लागल्यास फेराच्या मध्ये न थांबता बाहेरच्या बाजूस निघावे. छातीत दुखणे वा घेरी येणे अंगावर काढू नये.

एवढे केले तरी एक गोष्ट शिल्लक राहते आणि ती खुर्चीवर बसलेल्यांच्या हाती नाही. संकोच ज्याचा त्याला एकट्याने मोडवत नाही. सुनेने पर्स घरी ठेवून यावे, नातवाने चपला स्वतः सांभाळाव्यात आणि शेजारणीने हात पुढे करावा. तोंडदेखले ‘चला ना’ म्हणून निघून जाऊ नये, हात धरून थांबावे. फेर धरणाऱ्या दोघींनी किंचित बाजूला सरकले की जागा होते. वर्तुळात कितीही माणसे आली तरी ते वर्तुळच राहते.