मधल्या फळीतील रिकामी जागा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार भारतीय फुटबॉलला बंद झाले. गटातील पहिल्या चार सामन्यांत भारताच्या नावावर अवघे दोन गोल लागले. त्यापूर्वी जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशिया चषकात तर तीन सामन्यांत एकही गोल झाला नव्हता. गोल होत नाहीत म्हणून आघाडीच्या खेळाडूंना बोल लावण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु त्यांच्या पायाशी चेंडू पोचवायचा कोणी, हा खरा प्रश्न आहे.

मधल्या फळीच्या पुढे आणि आघाडीच्या किंचित मागे खेळणारा जो कल्पक खेळाडू असतो, त्याच्या जागेसाठी गेली काही वर्षे दोन नावांचा वाद चालू आहे. एक मडगावचा ब्रँडन फर्नांडिस आणि दुसरा केरळचा सहल अब्दुल समद. गोव्यातील प्रेक्षक पहिल्याचा कैवार घेतात, केरळातील दुसऱ्याचा. प्रांताभिमान बाजूला ठेवून पाहिले, तर हे दोघे एकाच कामाचे नव्हेत, हे सहज ध्यानी येते.

ब्रँडनचे सामर्थ्य त्याच्या स्थिर चेंडूवरील हुकमतीत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये गुवाहाटीला ओमानविरुद्ध सुनील छेत्रीने केलेला गोल त्याच्या फ्री किकवरचा होता. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध सामना संपण्यास दोन मिनिटे उरली असता आदिल खानने डोक्याने साधलेली बरोबरी त्याच्याच कॉर्नरवरची. सहलचे बळ वेगळे आहे. गर्दीतून चेंडू पायाशी घोळवीत वाट काढणे हा त्याचा स्वभाव. २०२१ च्या सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने बचावपटूंना चकवून केलेला गोल, किंवा जून २०२२ मध्ये अफगाणिस्तानविरुद्ध भरपाईच्या वेळेत मिळवून दिलेला विजय, ही त्याची साक्ष. एक दुसऱ्याकडून गोल करवून घेतो, दुसरा स्वतः गोलाच्या शोधात निघतो. ज्या संघाला चालत्या खेळात गोल साधत नाही, त्याला ब्रँडनचा पाय अधिक उपयोगी, असे आमचे मत आहे. मात्र दुखापतींनी त्याची वारंवार पाठ धरली आणि सहलच्या खेळात सातत्य राहिले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु निवडीचा हा वाद वरवरचा आहे. ज्या जागेसाठी हे दोघे झगडले, ती जागा त्यांना त्यांच्या क्लबांतच निर्वेधपणे कधी लाभली? एफसी गोवात एदू बेदिया आणि ह्यूगो बूमूस मधोमध असता ब्रँडनला अनेकदा डावी कड सांभाळावी लागली. २०२१ मध्ये एड्रियन लुना केरळ ब्लास्टर्सला आला, तेव्हा सहलही कडेला सरकला. त्याच वर्षापासून इंडियन सुपर लीगमध्ये मैदानावर चारच परदेशी खेळाडू उतरविण्याची मर्यादा आली खरी. पण नियम संख्या सांगतो, जागा सांगत नाही. आणि क्लब आपले परदेशी खेळाडू नेमके मैदानाच्या कण्यावरच उभे करतात.

क्लबचालकांची अडचण आम्हांस कळते. पैसा त्यांचा, पराभवाची टीकाही त्यांच्याच वाट्याची. परदेशी खेळाडूंच्या सहवासात आपली मुले शिकली, हेही खरे. २० एप्रिल २०२१ रोजी फातोर्ड्यावर पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने गोल केला, तो ब्रँडनच्या फ्री किकवर. परंतु कसोटीच्या क्षणी निर्णय घेण्याची जबाबदारी ज्याच्यावर कधी पडलीच नाही, त्याने राष्ट्रीय संघात येताच ती लीलया पेलावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

१९६२ मध्ये जाकार्ता येथे भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आशियाई सुवर्णपदक पटकाविले, तेव्हा संघाचा कर्णधार चुनी गोस्वामी होता. याच आतल्या जागेवरचा तो खेळाडू. १९५४ पासून १९६८ पर्यंत मोहन बागानने त्याला ती जागा विश्वासाने दिली होती. प्रतिभा उपजत असते. अधिकार मात्र सरावाने येतो.

गोव्यात प्रत्येक वाड्याला मैदान आहे आणि चेंडूवर प्रेम करणारी मुले आहेत. निदान आपल्या स्थानिक स्पर्धांत आणि क्लबांच्या कुमार संघांत ही जागा आपल्याच मुलांसाठी राखली जावी आणि चार पराभव सोसूनही ती त्यांच्याकडून काढून घेतली जाऊ नये. ब्रँडन श्रेष्ठ की सहल, या वादाचा निकाल काळ लावीलच. पण त्यांच्यामागून येणारा तिसरा कोण, या प्रश्नाचे उत्तर काळावर सोपवून चालणार नाही.