सेवेकऱ्यांचा शीण

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची नावे वृत्तपत्रांत येतात ती बहुधा ठराविक कारणांनी. कधी कुपोषित बालकांचा आकडा प्रसिद्ध होतो, कधी भूकंपाचे धक्के बसतात, तर कधी वाढवण बंदराचा वाद उफाळून येतो. अशा प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला जातो : शासकीय यंत्रणा काय करीत होती? हा प्रश्न रास्त आहे. परंतु यंत्रणा म्हणजे काही लोखंडाचे यंत्र नव्हे. ती पाड्यापाड्यांवर फिरणारी आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडीतील सेविका व मदतनीस आहे, आश्रमशाळेतील शिक्षक व अधीक्षिका आहे, पंचायत समितीत तक्ते भरणारा कारकून आहे. ही माणसे वृत्तपत्रांत येतात ती निलंबनाच्या किंवा कारणे दाखवा नोटिशीच्या बातमीपुरती. त्या बातमीच्या आधी ती किती दिवस मनाने शिणत चालली होती, याची चौकशी कोणीच करीत नाही.

हा शीण म्हणजे साधा थकवा नव्हे. अंगाचा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. मनाचा शीण रविवारच्या सुट्टीनेही जात नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याला तो कोठे आढळला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गिरणीत किंवा खाणीत नव्हे, तर न्यूयॉर्कमध्ये व्यसनाधीनांवर मोफत उपचार करणाऱ्या दवाखान्यात, स्वेच्छेने काम करणाऱ्या तरुणांमध्ये. सर्वांत आधी कोसळले ते सर्वांत अधिक तळमळीचे. पुढे ख्रिस्तिना मास्लाक या विदुषीने त्याची तीन लक्षणे निश्चित केली : मनाचे पार रिते होणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या अवस्थेची नोंद घेतली. मात्र तिला रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण वेळीच आवरला गेला नाही, त्याचा हा परिणाम होय, असे तिने म्हटले. म्हणजे दोष वातीत शोधण्यापूर्वी समईत तेल आहे की नाही, हे पाहावे.

या तीन लक्षणांपैकी दुसरे आपल्याला सर्वांत महत्त्वाचे वाटले पाहिजे. शिणलेला शिक्षक प्रथम उशिरा येऊ लागतो, असे नाही. प्रथम त्याची भाषा बदलते. कालपर्यंत मुलांची नावे घेणारा माणूस आज ‘ही पोरे’ म्हणू लागतो. उद्या ‘यांना शिकून काय करायचे आहे’ असे म्हणतो. दवाखान्यात बाळाला घेऊन आलेल्या मातेला समजावण्याऐवजी तिच्यावर खेकसले जाते. नोंदवहीत चुका होऊ लागतात, किरकोळ आजाराच्या रजा वाढतात, शिक्षक-खोलीत हसतखेळत बसणारा गप्प होतो, कोणी संध्याकाळी बाटलीचा आधार घेतो. शहरातील कचेरीत अशा कोरडेपणाचा उपद्रव सहकाऱ्यांना होतो. आदिवासी भागात मात्र त्याचे रूपांतर तुच्छतेत होते. आणि शतकानुशतके तुच्छताच वाट्याला आलेल्या वारली, कोकणा, धोडी समाजांना ती नेमकी ओळखता येते. माता पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, मूल पुन्हा शाळेत येत नाही. सेवकाचा शीण हा म्हणून त्याचा खाजगी प्रश्न उरत नाही. त्याची किंमत पाड्यावरचे मूल मोजते.

हा शीण येतो कोठून? केवळ कामाच्या बोजाने माणूस खचत नाही. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी सहा कारणे सांगितली आहेत : बोजा, अधिकाराचा अभाव, अपुरा मोबदला, सोबतीचा अभाव, अन्याय आणि मनाला न पटणारे काम. ही सहाही आपल्याकडे नांदत आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. तरीही तक्ते, छायाचित्रे आणि तातडीच्या माहितीची मागणी यांत शिकवण्याचे तास वितळतात, ही तक्रार कोणत्याही शाळेत ऐकू येईल. अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदी मोबाईलवर भरण्याचे फर्मान निघाले. उपयोजनाची भाषा इंग्रजी आणि हातातील फोन निकृष्ट. २०२१ मध्ये राज्यातील हजारो सेविकांनी ते फोन शासनाला परत केले, तेव्हा कोठे हा त्रास लोकांना दिसला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी सुरू केलेला संप दीड महिन्याहून अधिक काळ चालला. ज्यांना आपण सोशिक म्हणून गौरवितो, त्या बायका इतके दिवस रस्त्यावर बसतात, याचा अर्थ सोसण्याची सीमा ओलांडली गेली आहे.

आपली शब्दयोजनाही पाहण्यासारखी आहे. जिला आपण ‘सेविका’ म्हणतो, तिला वेतन नसते, ‘मानधन’ असते. मान किती आणि धन किती, हे तिलाच ठाऊक! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतील स्त्रियांना एवढा साधा हक्क मिळण्यास जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. सेवा हा थोर शब्द आहे. पण तो उच्चारून हिशेब टाळता येतो, तेव्हा सावध झाले पाहिजे. तलासरीच्या मातीला हे कोणी शिकवावयास नको. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे जमलेल्या हजारो वारल्यांनी यापुढे वेठ करणार नाही, असा निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी उभ्या केलेल्या त्या लढ्याचे सार हेच होते की, माणसाच्या श्रमाला माप असले पाहिजे. आजच्या सेविकेची वा शिक्षकाची स्थिती त्या वेठीशी तुलना करण्याजोगी नाही, हे उघड आहे. परंतु ज्या कामाला माप नाही ते वेठीच्या वाटेला लागते, हा धडा जुना झालेला नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. पगार, रजा आणि निवृत्तिवेतन मिळणाऱ्या शिक्षक-कारकुनांच्या शिणाचे कौतुक कशाला? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुराच्या कष्टांपुढे त्याची काय मातब्बरी? आक्षेपात तथ्य आहे. पण करुणा ही काही शिधावाटप नव्हे, की एकाला दिल्याने दुसऱ्याचे कमी पडावे. उलट, मजुराच्या मुलाला शाळेत टिकवून धरणारा माणूसच खचला, तर त्या मुलाचे हाल दुप्पट होतात. नोव्हेंबर २०१८ पासून या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ रिश्टरचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना एका चिमुकलीचा जीव गेला. लोकांनी थंडीत रात्री उघड्यावर आणि तंबूत काढल्या. त्या महिन्यांत ज्या शिक्षकांनी भेदरलेल्या मुलांना धीर दिला, ज्या आशांनी घरोघरी विचारपूस केली, त्यांच्याही घरांच्या भिंती हादरतच होत्या. त्यांना धीर कोणी दिला?

कोसबादच्या टेकडीने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम कोसबादला गेले. आदिवासींची मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना वा त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली पाहिजे, असे त्यांनी ठरविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. माणूस व्यवस्थेत बसत नसेल, तर माणसाला न मोडता व्यवस्थेला मुरड घालावी, हा त्या प्रयोगाचा गाभा. अनुताईंची आठवण आपण काढतो ती बहुधा नव्या शिक्षिकेला त्यागाचा उपदेश करण्यासाठी. हे अर्धेच स्मरण झाले. त्या एकट्या नव्हत्या. ताराबाईंची साथ आणि मार्गदर्शन त्यांना दीर्घकाळ लाभले, आणि प्रसंग पाहून कामाची रीत बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांच्यापाशी होते. सोबत आणि स्वातंत्र्य काढून घ्यावयाचे आणि त्याग तेवढा मागावयाचा, हा अनुताईंचा वारसा नव्हे.

बौद्ध विचारात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या आहेत. तेथे ‘उपेक्षा’ म्हणजे समतोल वृत्ती. दुःख दूर करू पाहणाऱ्याने स्वतः त्यात बुडून जाऊ नये, म्हणून ती करुणेच्या जोडीला. मराठीत या शब्दाचा अर्थ पालटून ‘दुर्लक्ष’ असा झाला. आणि आमच्या कचेऱ्यांनी चारांपैकी नेमकी तेवढी एकच भावना अंगी बाणवली आहे! करुणा म्हणजे हळहळ नव्हे. दुसऱ्याचा त्रास दिसणे, तो समजून घेणे आणि तो हलका करण्यासाठी काही करणे, या तिच्या तीन पायऱ्या. तिसरी पायरी नसेल तर पहिल्या दोन व्यर्थ.

ही तिसरी पायरी फारशी खर्चिक नाही. एकच माहिती तीन खात्यांना तीन तक्त्यांत द्यावी लागत असेल, तर दोन तक्ते बंद करावेत. आढावा बैठकीचा पहिला प्रश्न ‘आकडा का घसरला’ हा नसून ‘अडचण काय आली’ हा असावा, आणि चारचौघांत पाणउतारा करण्याची प्रथा मोडावी. पाड्यावर बालमृत्यू झाला, तर आशेच्या हातात नोटीस पडण्यापूर्वी कोणी वरिष्ठाने तिच्याजवळ बसून काय घडले ते ऐकावे. चौकशी नंतरही होऊ शकते. रात्रंदिवस मुलांची जबाबदारी वाहणाऱ्या आश्रमशाळेच्या अधीक्षिकेला हक्काचा सुट्टीचा दिवस आणि त्या दिवसापुरता पर्यायी माणूस मिळावा. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला वारली बोलीची तोंडओळख करून देणारा एखादा स्थानिक सहकारी सोबत द्यावा. भाषेची भिंत ही शिणाची मोठी जननी आहे. विरारची लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत धावू लागली, म्हणून रोज तिने ये-जा करणाऱ्याच्या दिवसाचे प्रवासात जाणारे तास नाहीसे झाले, असे समजू नये. रात्री दहानंतर मोबाईलवर हुकूम धाडणे थांबविण्यास तर शासन-निर्णयाचीही गरज नाही.

वरिष्ठांची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. शेजारच्या टेबलावरील माणूस गप्प झाला, हे साहेबाच्या आधी शेजाऱ्याला कळते. ‘हल्ली बरे दिसत नाही, काय झाले?’ एवढे विचारून उपदेश न करता ऐकून घेणे, त्याचा एखादा तास आपण घेणे, हे कोणालाही जमण्यासारखे आहे. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र सहकाऱ्याच्या शब्दांवर न थांबता डॉक्टरांकडे गेले पाहिजे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. तापासाठी गोळी घेताना जी लाज वाटत नाही, ती मनाच्या दुखण्यासाठीही वाटू नये. अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना तर हे आधीच सांगितले पाहिजे, की शिणणे हा चारित्र्याचा दोष नाही.

डहाणू-तलासरीतील मुलांचे वजन आपण दरमहा मोजतो, आणि ते मोजलेच पाहिजे. ज्या हातांनी ते मोजले जाते, त्या हातांवर किती ओझे आहे, याचीही मोजदाद आता झाली पाहिजे. त्यासाठी नवा आयोग नेमावयास नको. पुढच्या आढावा बैठकीत कामांची यादी मागण्याऐवजी कोणते काम कमी करता येईल याची यादी मागितली, तरी आरंभ होईल.