पहिल्या वर्षाचा पहिला तास धक्क्यावर घ्या

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या मुलामुलींना इंजिनिअरिंगची शाखा विचारली की उत्तर ठरलेले असते: कॉम्प्युटर, नाहीतर आयटी. मीही त्यातलाच, तक्रार नाही. पण ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या खलाशी, तांडेल किंवा गोदी कामगार होत्या, त्यांनाही ‘सागरी अभियांत्रिकी’ हा शब्द बारावीनंतर कुणी ऐकवत नाही. ऐकवलाच तर मामू विचारतात, “म्हणजे जहाजावर जाणार का?” जहाजाचे इंजिन चालवणारा मरीन इंजिनिअर वेगळा. जहाज, धक्का, लाटरोधक बंधारा, समुद्रातला तेलाचा फलाट यांची आखणी करणारा हा वेगळा. आयआयटी मद्रास आणि खरगपूरला याची पदवी मिळते. आणि त्याचे काम आपल्या दारात आहे: उरणला मुंबई हायचे तेल-वायू उतरतात, न्हावा शेवाला बंदर आहे, 2024 साली खुला झालेला अटल सेतू रायगडातच येऊन टेकतो.

एआयसीटीईने 2017 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सांगितला आहे. त्यात परिसरभेटही आहे. बहुतेक ठिकाणी हे दिवस सभागृहातल्या भाषणांत जातात. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ असो की जिल्ह्यातली खासगी महाविद्यालये, त्यातले दोन दिवस पाण्याजवळ घालवणे कुणालाच अवघड नाही.

पहिला प्रयोग बादलीतला. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनिअम फॉइलची होडी करायची आणि ती बुडेपर्यंत एकेक नाणे ठेवत जायचे. मग दुसरी होडी घ्यायची आणि निम्मीच नाणी, पण सगळी एका कडेला. ती उलटते. वजन पेलण्याइतके मोठे असणे वेगळे आणि स्थिर असणे वेगळे, हे तिथे डोळ्यांनी दिसते. त्यानंतर ‘रामदास’ची गोष्ट सांगावी. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेने बोट कलली तेव्हा घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असे सांगितले जाते. हे ऐकल्यावर गुरुत्वमध्य परीक्षेपुरता राहत नाही.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. राजपुरीच्या किंवा दिघीच्या जेट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी बांधायची आणि दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहायची, पाळ्या लावून, पूर्ण 25 तास. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, हे आलेखात आपोआप उमटते. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे भरती रोज 45 मिनिटे पुढे सरकते. प्रत्यक्षात हा आकडा सरासरी 50 मिनिटांच्या आसपास आहे. तोंडी हिशेब इतका जवळ जातो! आपल्या घरातली चांदाची तारीख तिथीपासून एखाद-दोन दिवसच दूर असते, त्यामुळे हा हिशेब आपल्या मुलांनाही लगेच जमेल. पाचव्या दिवशी मोजलेले आकडे आणि पाऊणपटीचा नियम यांतला फरक काढणारा छोटा प्रोग्राम लिहायला द्या. कोडिंग त्यातून शिकून होते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकले. कोणता धक्का उचलायचा, बंधाऱ्याचा दगड किती वजनाचा हवा, हे पुढेही कुणीतरी ठरवणारच आहे. ते ठरवणाऱ्यांत राजपुरीची एखादी मुलगी असावी, एवढीच अपेक्षा आहे.

वर्ग पावसाळ्यात सुरू होतात. तेव्हा बादली वर्गात ठेवा आणि जेट्टीचे काम समुद्र शांत झाल्यावर, दिवाळीनंतर, लाइफ जॅकेट घालूनच करा. भांग आणि उधाण समजावून सांगायला बंदरावरच्या तांडेलांना बोलवा. पाहुण्या व्याख्यात्याला जे मानधन मिळते तेच त्यांनाही द्या.