नव्या भूमीचा खेळ

अज्ञात प्रदेशाचे आकर्षण मानवाला पूर्वापार आहे. डोंगरापलीकडे काय आहे हे पाहण्याच्या ओढीने त्याने वाटा पाडल्या, वस्त्या उभारल्या. ही ओढ खेळांतही उतरली आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिका-खेळ लोकप्रिय होऊ लागले. अशा खेळात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर खेळाडू एकेक पात्र स्वीकारतात आणि त्या प्रसंगी ते पात्र काय करील, हे सांगतात. यशापयश अनिश्चित असेल तेथे फासा निर्णय देतो. एकच कथानक अनेक बैठका चालू शकते. नव्या भूमीचा शोध घेऊन तेथे वसाहत करणे हा अशा कथानकाला साजेसा विषय होय.

मात्र त्याची रचना करताना नकाशा कोरा ठेवण्याचा मोह होतो. १९९५ साली जर्मनीत निघालेल्या 'कॅटन' या पटावरच्या खेळात खेळाडू एका बेटावर रस्ते आणि वस्त्या बांधतात. त्या बेटावर आधीचे रहिवासी नाहीत. खेळासाठी हे सोयीचे आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १४९२ साली कोलंबस ज्या भूमीवर उतरला, ती त्याला नवी होती; तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना ती जुनीच होती.

नकाशा कसा असावा, हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा दक्षिणेकडे जाणारा महामार्ग बंगळुरूत शिरतो, तेथेच पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. पीण्या हे मुळात एका खेड्याचे नाव. १९७० च्या दशकात तेथे औद्योगिक वसाहत आकारास आली. यंत्रांचे सुटे भाग, हत्यारे, तयार कपडे यांचे हजारो लहानमोठे कारखाने उभे राहिले. कर्नाटकातून आणि परप्रांतांतून कामगार आले. २०१४ साली मेट्रो रेल्वेही तेथवर पोहोचली. अनेकांना तेथे पोटाची भाकरी मिळाली. परंतु धातूवर मुलामा चढवणाऱ्या उद्योगांच्या क्रोमियमयुक्त सांडपाण्याने तेथील भूजल दूषित झाले, हेही तपासण्यांत आढळले आहे.

आता याच भूमीवर खेळ रचला, असे समजावे. एक खेळाडू मुलाम्याच्या कारखान्याचा मालक, दुसरा परगावाहून आलेला लेथ-कारागीर, तिसरी शिवणकाम करणारी स्त्री आणि चौथा जवळच्या विहिरीवर अवलंबून असलेला शेतकरी. पहिल्या बैठकीत मालक सांडपाणी शुद्ध न करता नाल्यात सोडतो. पैसा वाचतो, दोघांना काम मिळते, सारे खूश होतात. सूत्रधार केवळ एक नोंद करून ठेवतो. पाचव्या बैठकीत विहिरीचे पाणी पिवळसर होते. तेव्हा शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी? कारखाना बंद पडला तर कारागिराने कोठे जावे? येथे फासा उपयोगी पडत नाही. चौघांनाच एकत्र बसून तोड काढावी लागते.

खेळ करमणुकीसाठी असतो, त्यात उपदेश कशाला, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच चुकीचा नाही. उपदेश करणारा सूत्रधार खेळ नीरस करतो. परंतु परिणाम दाखवणे म्हणजे उपदेश करणे नव्हे. बुद्धिबळात चुकीच्या चालीची किंमत मोजावी लागते, म्हणूनच त्यात रंगत असते. ज्या कथानकात जमीन फुकट मिळते, पाणी कधी आटत नाही आणि शेजारी कधी बोलत नाही, तेथे विजयालाही चव राहत नाही.

म्हणून नव्या भूमीचा खेळ रचणाऱ्याने डोंगर, नदी आणि खजिना यांच्या आधी नकाशावर दोन गोष्टी मांडाव्यात: तेथे आधीपासून कोण राहते आणि ते पाणी कोठून भरतात. वसाहत करणे म्हणजे केवळ जागा मिळवणे नव्हे. ते नवे शेजारपण स्वीकारणे आहे. खेळात ते साधले, तर प्रत्यक्ष जीवनातही त्याची जाण येण्यास मदतच होईल.